गुरुवारी न येणारा खोकला

मला गुळाचा राग येतो. संक्रांतीच्या तिळगुळाचा नाही, पुरणातल्या गुळाचाही नाही. पेंटशॉपच्या दाराशी स्टीलच्या ताटलीत ठेवलेल्या गुळाचा येतो. शिफ्ट सुटली की प्रत्येक पेंटर जाता जाता त्यातला एक खडा उचलून तोंडात टाकतो. दिवसभर छातीत गेलेला रंग त्या गुळाबरोबर पोटात उतरतो अशी सगळ्यांची समजूत आहे. ही समजूत आधी कुणी पसरवली ते मला माहीत नाही, पण तो स्वतः पेंटर नसणार, एवढं मी पैजेवर सांगते.

माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात पेंटर होते. दापोडीहून सायकलने जायचे. संध्याकाळी येताना ताटलीतला एक खडा कागदात गुंडाळून माझ्यासाठी आणायचे. त्या गुळाला थिनरचा वास असायचा आणि मला तो वास फार आवडायचा. आज हे लिहितानाही माझ्या कपाळावरची शीर उडते.

बाबांना खोकला होता, पण तो मोठा शहाणा खोकला होता. गुरुवारी यायचा नाही. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. जगाचा रविवार तो आमचा कामाचा दिवस, आणि गुरुवारी बाजार, न्हाव्याचं दुकान, पाहुणे. बुधवारी बाबा खोकून खोकून अर्धे झालेले असायचे. गुरुवारी दुपारी मटण हाणून विहाराच्या ओट्यावर गप्पा मारत बसायचे, तेव्हा त्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. शुक्रवारी संध्याकाळी सायकल लावतानाच खोकला परत हजर. आई म्हणायची, "यांच्या छातीलाच कामाचा कंटाळा आहे." आम्ही सगळे हसायचो. बाबाही हसायचे. पुढे कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरने विचारलं, सुट्टीच्या दिवशी बरं वाटायचं का? आईने हसत हसत तोच विनोद सांगितला आणि डॉक्टरचा चेहरा बघून मधेच गप्प झाली.

तोवर उशीर झालेला होता. बाबांच्या हातात दम्याचा पंप आला आणि जिना चढणं बंद झालं.

मी विमानं दुरुस्त करते. आमच्या वस्तीत अजूनही सगळ्यांना वाटतं की मी विमान चालवते, आणि आईने तो गैरसमज कधी मोडला नाही. चालवणारे वेगळे. मी विमानाच्या खाली, आत, शेपटीपाशी पाठीवर पडलेली असते, आणि ते उडण्यालायक आहे अशी सही करते. त्या सहीमुळे लोक मला मॅडम म्हणतात. सही नसती तर काय म्हटलं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

तर आमच्या फ्लाइंग स्कूलचं एक दोन सीटचं विमान रंगवायला काढायचं ठरलं. जुना रंग पापुद्रे धरून सुटत होता आणि त्याखाली पत्र्याला पांढरट गंज धरला होता. धावपट्टीजवळच्या हँगरमध्ये फवारणीला परवानगी नव्हती. मग पंख सोडवले, सगळं ट्रकवर चढवलं आणि चाकणच्या बाजूला एका शेडमध्ये आणलं, कारण त्या शेडमध्ये बसचे पत्रे रंगवायची मोठी बंद खोली होती. जबाबदार इंजिनीअर म्हणून माझी रवानगी तिथे झाली. पहिल्याच दिवशी दारात ती ताटली दिसली. गूळ ताजा होता, त्यावर माश्या बसलेल्या.

शेडचे मालक तिथल्याच जुन्या गावातले. माणूस दिलदार, आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. सगळे त्यांना शेठ म्हणायचे, मीही म्हणायला लागले. विमान पाहून त्यांनी आधी त्याला हात जोडले, मग टिचकी मारली.

"मॅडम, हे बसचंच पत्रं हाय की. जरा पातळ हाय एवढंच. पोरं दोन दिवसांत घासून काढत्यात."

आणि खरंच एक जण ग्राइंडर घेऊन आला. मी ग्राइंडर आणि विमान यांच्या मधे जाऊन उभी राहिले. तो माणूस माझ्याकडे असा पाहायला लागला, जसं काही मी त्याच्या ताटातलं जेवण ओढून घेतलंय.

विमानाच्या पत्र्यावरून ग्राइंडर फिरवायचा नसतो. तो पत्रा मुळातच इतका पातळ असतो की त्यावरचा एक खोल ओरखडाही पुढे तड्याची सुरुवात ठरू शकतो. तारेचा ब्रशही चालत नाही, लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि नव्या रंगाखाली गंज पसरत जातो. रंग काढायचा तो रसायनाने. जेलीसारखं रसायन ब्रशने लावायचं, वरून प्लास्टिक अंथरायचं आणि वाट बघायची. रंग सुरकुतून फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने तो अलगद निघतो. त्याआधी काचा झाकायच्या, कारण त्या काचा नसतातच, ते प्लास्टिक असतं आणि रसायनाचा थेंब पडला की तडकतं. सांधे, बिजागऱ्या, हवेचा वेग मोजणारी बारीक भोकं, सगळ्यांवर भडक रंगाची चिकटपट्टी. भडक अशासाठी की नंतर काढायची राहू नये. ते भोक बुजलेलं राहिलं तर वर गेलेल्या पोराला आपला वेग कळत नाही, आणि त्याच्या आईला खाली बातमी कळते.

हे सगळं मी मोठ्या आवाजात सांगितलं. शेठ म्हणाले, "लई नखरं हायती याचं."

ऐकून घेणारा एकच माणूस होता, त्या शेडचा मुख्य पेंटर. बीडकडचा, चाळिशीच्या आसपासचा, अंगाने काटक. इथे खोलीवर एकटा राहायचा, बायको-मुलं गावाला. त्याच्या हातातली रंगाची गन मी पहिल्या दिवशी बसच्या पत्र्यावर चालताना पाहिली. मनगट न वळवता सगळा हात एका पातळीत जायचा आणि रंग असा बसायचा की कुठे सुरू केला आणि कुठे थांबला ते सांगता येऊ नये. त्याच्या तोंडावर रुमाल होता. साधा चौकटीचा, घाम पुसायचा रुमाल.

त्याने ग्राइंडर उचलून स्वतः कपाटात ठेवला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही सांगाल तसं करू. आपण आजवर इमान काही रंगवलं नाई बगा."

मी त्याला भाऊ म्हणायला लागले.

रंग उतरवायचं काम चांगलं चाललं, म्हणजे मी रोज भांडत होते म्हणून चांगलं चाललं. कोपरापर्यंतचे हातमोजे एकदा घालायला लावले तर दुसऱ्या दिवशी ते खुंटीला आणि माणसं उघड्या हातांनी. डोळ्यांचा चष्मा कपाळावर. दारं उघडी ठेवा म्हटलं तर धूळ येते म्हणून बंद. एकदा तर खरवडलेल्या रंगाचा चिखल एक जण झाडूने मागच्या ओढ्याकडे ढकलताना सापडला.

मी शेठना विचारलं, "हा ओढा कुठे जातो?"

"नदीला."

"आणि नदी?"

"आळंदीला, मॅडम," शेठ म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा हात सवयीने छातीशी गेला. दर एकादशीला ते आळंदीला जायचे, नदीचं पाणी डोळ्यांना लावायचे. मी एवढंच म्हटलं, "मग पुढच्या एकादशीला हाच चिखल डोळ्यांना लावा." त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून चिखल पिंपात भरला जाऊ लागला, हे मात्र कबूल करायला हवं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर माझा राग सोपा झाला असता.

भाऊ विमानाचं काम करता करता अधूनमधून बसचे पत्रेही मारायचा. आणि खोकायचा. मी लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण तो आवाज मी ओळखत होते. कोरडा, खालून वर येणारा, संपताना शीळ घातल्यासारखा. एका शुक्रवारी सकाळी तो चक्क गुणगुणत आला. छाती मोकळी. संध्याकाळी टपरीवर चहा प्यायला उभे राहिलो तर त्याला धड बोलता येईना.

मी विचारलं, "भाऊ, काल कसे होतात?"

"काल सुट्टी होती ना. सुट्टीला काही नसतं बगा. ड्युटीवर आलं की छातीवर कुणीतरी बसल्यावानी होतं." आणि तो हसला. "गुरुवारी उठून जातंय. त्यालाबी सुट्टी लागती."

मी कप टपरीच्या फळीवर ठेवला. आमच्याच घरातला विनोद, आईच्या तोंडचा, एका परक्या माणसाने मला जवळजवळ तसाच परत सांगितला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. चमकणाऱ्या पक्क्या रंगात तो कडक व्हावा म्हणून जे हार्डनर घालतात, त्यात एक रसायन असतं. त्याला नावापुरताच वास. नाकाला कळेपर्यंत ते कधीच छातीत गेलेलं असतं, म्हणून कुणाला भीती वाटत नाही. ते धुक्यासारखं रुमालातून आरपार जातं. आधी कामाच्या दिवशी खोकला, सुट्टीला बरं. मग एक दिवस छाती त्या रसायनाशी कायमचं वैर धरते. त्यानंतर त्याचा नुसता वारा लागला तरी माणूस गुदमरतो. आणि ते पुन्हा जुन्यासारखं होत नाही.

"गूळ खातो की मी रोज," तो म्हणाला.

"गूळ पोटात जातो, भाऊ. रंग छातीत जातो. दोन वाटा वेगळ्या आहेत."

"हां," तो म्हणाला, पण पटलेलं नव्हतं. मी म्हटलं, उद्याच डॉक्टरकडे चला. त्याने कपातला उरलेला चहा जमिनीवर ओतला. मग म्हणाला, "अन् डॉक्टरनं गन सोड म्हटलं तर? मला दुसरं काय येतंय, ताई? गावाकडं माझी वळख काय, चाकणला पेंटर हाय ही. ते इमान होऊ द्या. दसरा झाला की जाऊ."

मी शेठना सांगितलं की हवेच्या नळीचा हुड आल्याशिवाय विमानाला रंगाचा एक थेंब लागणार नाही. हुड म्हणजे डोक्यापासून खांद्यापर्यंतचं टोपडं, समोर काच, मागे नळी. नळीचं दुसरं टोक बाहेर, स्वच्छ हवेत ठेवलेल्या पंपाला. तो पंप बाहेरची हवा आत ढकलत राहतो. हे सगळं नीट असेल तर खोलीत रंगाचं धुकं असलं तरी ते त्याच्या नाकापर्यंत पोचत नाही. एवढ्या भरवशावर मी भाऊला गन हातात घेऊ देणार होते.

"रुमाल हाय की," शेठ म्हणाले.

"मग सही पण रुमालावर करून देते."

हुड आला. शेठनी तो घालून स्वतःचा फोटो काढून घेतला आणि सगळ्या पाहुण्यांना पाठवला. पंप मी स्वतः समोरच्या अंगणात कडुलिंबाखाली ठेवला, जिथे रस्त्याकडून वारा यायचा. सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "हा पंप म्हणजे भाऊचं नाक आहे. तो जिथे असेल, तिथली हवा भाऊच्या छातीत जाणार. याला कुणी हात लावायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आपला हात कोण धरणार?

उघड्या पत्र्यावर आधी प्रायमर मारला. त्या आठवड्यात बसचं काम बंद ठेवायला लावलं होतं. भाऊने हुड घालून गन चालवली आणि मी काचेच्या खिडकीतून बघत राहिले. संध्याकाळी त्याने हुड काढला, घामाने भिजलेला चेहरा पुसला आणि दोनदा खोल श्वास घेऊन बघितला. मग माझ्याकडे वळला. लहान मुलासारखं आश्चर्य त्याच्या तोंडावर होतं.

"ताई, आज बुधवार असून गुरुवारावानी वाटतंय बगा."

इतक्या वर्षांत बाबांना कुणी असा एक बुधवार दिला नाही. मी तिथून निघून विमानाच्या पलीकडे गेले, कारण मला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्ही त्या माणसासमोर नको होतं.

शेवटचा चमकता रंग मारायचा दिवस खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला. स्कूलला दसऱ्याला विमान हवं होतं, पूजा करून फोटो काढायचे होते. खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारं पुजायची, त्या दिवशी त्यांना काम सांगायचं नाही. म्हणून आदल्या दिवशी एकीकडे रंग आणि दुसरीकडे झाडलोट. यंत्रं पुसून तेल लावून ओळीने मांडत होते. झेंडूची पोती उतरली होती. मी सकाळी पंप कडुलिंबाखाली असल्याचं बघितलं, भाऊला हुड चढवला, नळी तपासली आणि काचेशी जाऊन उभी राहिले.

पहिला पंख सुंदर झाला. दुसऱ्या पंखाच्या मध्यावर त्याचा हात थांबला. मी त्याचा हात कधी मध्येच थांबलेला पाहिला नव्हता. गन खाली आली, रंग एका जागी साचून ओघळला. हुडच्या आत तो वाकून खोकत होता आणि समोरची काच आतून धुरकटली होती.

मी पळाले, पण त्याच्याकडे नाही, आधी नळीच्या मागे. नळी भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली, बाहेरून वळून शेडच्या मागे. कडुलिंबाखाली पाण्याने धुतलेलं अंगण, त्यावर अर्धी काढलेली रांगोळी. पंप तिथे नव्हता. पंप मागच्या भिंतीशी होता, पुसलेला, चकचकीत, वर हळदीकुंकवाचं बोट आणि झेंडूचा छोटा हार. आणि त्याच्या बरोबर वर, भिंतीत, रंगाची खोली रिकामी करणारा मोठा पंखा आतलं सगळं धुकं बाहेर फेकत होता. भाऊने मारलेला रंग पंख्यातून बाहेर येत होता, पंप तो ओढून परत भाऊच्या नाकात भरत होता. रुमालसुद्धा याहून बरा होता.

गन बंद, पंखा चालू, हुड काढून त्याला अंगणात ओढत आणलं. तो रांगोळीवरच बसला. ओठ निळसर झाले होते. श्वास आत जाताना आवाज यायचा आणि बाहेर येतच नव्हता. त्याला गाडीत घातलं तेव्हा त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. दवाखान्यात वाफ लावली, सुई दिली. दुपारपर्यंत तो बोलायला लागला.

मी शेडवर परत आले. शेठ ओघळलेल्या पंखापाशी उभे होते.

"पंप कुणी हलवला?"

"मीच म्हणलं पोरांना. अंगान धुवायचं व्हतं. पंप मधी येत व्हता."

"मी सांगितलं होतं, हात लावायचा नाही."

"लांब न्हाई नेला, मॅडम. मागंच तर ठेवला. समोर ऊन यायला लागलं व्हतं, मशीन तापलं असतं. मागं पंख्याखाली सावली व्हती."

मशीन तापलं असतं! ऐकून माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहिणार नाही. जे लिहिता येईल ते एवढंच की यंत्राला ऊन लागू नये म्हणून ज्याला सावली सुचते, त्याला त्या यंत्राच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे हे का सुचू नये? यंत्राला तुम्ही हार घालता, कुंकू लावता, एक दिवस कामातून सुट्टी देता. माणसाला काय देता? गुळाचा खडा! मी ती ताटली उचलली आणि अंगणात भिरकावली. गूळ रांगोळीत पडला. सगळी पोरं बघत राहिली. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्याचाही राग आला, कारण त्या पाण्याने काहीच धुऊन निघणार नव्हतं.

"मग आता हा पंख?" ते हळूच म्हणाले.

"खरवडायचा. पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने भाऊला तपासण्या करून स्पष्ट सांगितलं. छातीने वैर धरलंय. हार्डनरच्या आसपास पुन्हा जायचं नाही, हुड घालूनसुद्धा नाही. भाऊ बाहेरच्या बाकावर बसला आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"तुमी मला इथं आणलं नसतं तर मी पेंटर राहिलो असतो."

"मेला असतात."

"पेंटर म्हणून मेलो असतो."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. तेवढ्यात लक्षात आलं की हे वाक्य मी आधी ऐकलंय. बाबा आजही असंच बोलतात. कंपनीने घर दिलं, तुला शिकवलं, कंपनीबद्दल वाईट बोलू नको. पंपाचा दम घेतात आणि हेच म्हणतात. मी वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडून थकले होते.

दसऱ्याला आमच्या घरी सोनं वाटत नाहीत. पांढरे कपडे घालून सगळे विहारात जातात आणि मग गोडाचं जेवण. भाऊ खोलीवर एकटाच भिंतीकडे बघत बसला असता, म्हणून मी त्याला जवळजवळ धरून दापोडीला आणलं. तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. बाबा पलंगावर, पांढऱ्या सदऱ्यात, उशांना टेकून. त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. मला वाटलं आता कंपनीची आरती सुरू होईल.

बाबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना रंग होता.

"गन कुठली वापरायचा?" त्यांनी विचारलं. त्याने सांगितली. दोघं थोडा वेळ गनबद्दलच बोलले, नोझल, दाब, कुठला रंग कसा ओघळतो. मी वैतागून आत जायला निघाले.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "गुरुवारी बरं वाटतं ना?"

"हां," भाऊ म्हणाला. "गुरुवारी काईच नसतं."

"मलाबी नसायचं. घरचे हसायचे, मीबी हसायचो." बाबांनी पंप तोंडाला लावला, दम घेतला, थांबले. "मग एका गुरुवारी आला. सकाळी उठलो तर आलेला. मी कुणाला सांगितलं न्हाई. संडासात जाऊन खोकलो, नळ सोडून. म्हणलं पोरीला कळायला नको. त्या दिवसानंतर गेलाच न्हाई." मग ते भाऊला, माझ्याकडे न बघता पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझा गुरुवार अजून हाय. तो सांभाळ. गन काय, कुणीबी धरंल."

मला तो गुरुवार आठवला नाही. सोडलेल्या नळाचा आवाज मात्र आठवला, किंवा वाटला. मी स्वयंपाकघरात जाऊन आईच्या हातातलं लाटणं घेतलं आणि पोळ्या लाटत राहिले. कंपनीवर, गुळावर, शेठवर, बाबांच्या गप्प बसण्यावर, सगळ्यांवर एकदम संताप आला होता आणि पोळ्या सगळ्या वेड्यावाकड्या होत होत्या.

तो पंख खरवडून परत झाला. दुसऱ्या पेंटरने केला, हुड घालून. पंप कडुलिंबाच्या खोडाला साखळीने बांधला होता आणि साखळीची किल्ली माझ्या खिशात. त्याने शेपटीच्या खालीवर हलणाऱ्या पाळीवर चमक यावी म्हणून एक थर जास्त चढवला, तो मी उतरवायला लावला, कारण हलणाऱ्या भागावर रंगाचं वजन वाढलं की ती पाळी हवेत थरथरायला लागते आणि विमान तोडू शकते. शेठनी या वेळी नखरे म्हटलं नाही. पाळ्या तोलून, भोकांवरची चिकटपट्टी मोजून काढून, पंख जोडून विमान परत गेलं. उडालं. पेढे आले. शेडमध्ये गुळाची ताटली परत दाराशी आली आहे, हेही मला कळलं. मी आता पोरांना तिथे जाऊन ओरडते, ती हसतात, हुड घालतात, आणि जाताना खडा उचलतात.

भाऊ आमच्या हँगरमध्ये आहे. विमानं धुतो, चाकात हवा भरतो, चाकांपुढे ठोकळे लावतो. गन नाही म्हणून कधीकधी दिवसभर कुणाशी बोलत नाही. कधी माझ्याशीही नाही, आणि मी ते सोसते.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी तो हात पुसत माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"ताई, आज शुक्रवार हाय."

"मग?"

"आला नाई."

एवढं बोलून तो परत चाकांकडे गेला. मी लगेच घरी फोन लावला. बाबांनी उचलला, मी सांगितलं. ते काहीतरी म्हणणार होते, पण खोकला सुरू झाला. तो सरेपर्यंत मी फोन कानाला धरून थांबले. त्यांच्या खोकल्याला आता कुठल्याच वाराची सुट्टी नसते.